जमिनीला खुर्ची

दयानंद केंद्रे सरांच्या वर्गात कविता समजली नाही तरी चालायचं. अलिटरेशन मात्र सापडलं पाहिजे.

ते फळ्यावर कवितेतली ओळ लिहीत आणि म्हणत, "एकाच आवाजानं सुरू होणारे दोन शब्द शोधा. इंग्रजी 'द' हा शब्द धरायचा नाही. सापडले? लिहा अलिटरेशन. एक मार्क खिशात. पुढची ओळ."

मागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेला तक्ता होता. ओळीत 'लाइक' किंवा 'अॅज' दिसलं की सिमिली. ते नसताना एका गोष्टीला दुसरंच काही म्हटलं की मेटाफर. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की पर्सोनिफिकेशन. प्रत्येकाखाली एक उदाहरण, दर वर्षी तेच. सिमिलीखाली सिंह होता : अॅज ब्रेव्ह अॅज अ लायन. मुळशीच्या डोंगरात सिंह कोणी पाहिलेला नाही. बिबट्या पाहिलेली मुलं मात्र प्रत्येक वर्गात दोन-तीन तरी असायची. त्यांनाही सिंहच लिहावा लागे.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि बरीच वर्षं या तक्त्याला हसलो. मग एकदा मधल्या सुट्टीत डबा खाताना सरांनी स्वतःची दहावी सांगितली. ते अहमदपूरकडचे. इंग्रजीत दोनदा नापास. दुसऱ्या निकालाच्या दिवशी वडिलांनी सरांची सायकल उचलून चुलतभावाच्या दारात नेऊन लावली. वर्षभर सर मामाच्या पिठाच्या गिरणीत बसले आणि पट्ट्याच्या आवाजात गाइड पाठ केलं. पानांवर पीठ बसायचं, ते फुंकून पुढचं पान.

"तिसऱ्यांदा पास झालो," ते म्हणाले. "समजलं काहीच नव्हतं. म्हटलं, पास तर होऊ, समजायला पुढं आयुष्य पडलंय."

आपल्या हाताखालचं एकही मूल तसा निकाल घेऊन घरी जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. ते त्यांनी करून दाखवलं. सलग बारा वर्षं इंग्रजीत एकही नापास नाही. शाळेजवळच्या चांदे गावात आणि आसपास लोक म्हणायचे, "केंद्रे सरांकडं टाका पोराला. दगड असला तरी पास व्हतो."

सर चांद्यात कोंडाजींच्या घरी, माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. कोंडाजी, त्यांची बायको गोजराबाई, मुलगा हैबतराव, सून आणि नात गौतमी. खोलीला वेगळा जिना होता, पण जमीन लाकडी फळ्यांची. खाली कुणी पाट सरकवला तरी वर कळायचं. गोजराबाई रोज संध्याकाळी गौतमीच्या हातून गरम भाकरी वर पाठवायच्या. गौतमी सरांच्याच वर्गात, नववीला होती.

कोंडाजींची ओढ्यालगत भाताची खाचरं होती. ते भल्या सकाळी खाचरावर जायचे आणि जमिनीला शिव्या घालायचे. खरोखरच्या शिव्या. बांध फुटला म्हणून, लव्हाळा वाढला म्हणून, पाणी धरत नाही म्हणून. खाचर घराच्या मागेच असल्यानं सर रोज त्याच आवाजानं जागे व्हायचे. शाळेत येऊन तक्रारही करायचे, "आमच्या मालकांचं प्रवचन पाचला सुरू होतं."

त्या वर्षी दिवाळीनंतर खाचराचं साठेखत झालं. खरेदीखत उन्हाळ्यात व्हायचं होतं. म्हणजे जमीन विकली होती आणि अजून गेली नव्हती. कोंडाजी रोज जायचे, पण बांधावर नुसतेच बसायचे. पेरायचं काही नव्हतं, ओरडायचंही काही नव्हतं.

सरांना हे सगळं माहीत होतं. साठेखताचे पेढे वर त्यांच्या खोलीतही आले होते. पण त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "आता सकाळची झोप छान लागते हो." हे वाक्य नंतर त्यांनी स्वतःच मला परत ऐकवलं, अनेकदा. मी ते विसरलो होतो.

डिसेंबरात त्यांनी नववीला सांगितलं, उद्या घरून एक-एक सिमिली करून आणा. स्वतःची. दुसऱ्या दिवशी सिंह आले, बर्फासारखी पांढरी दाढी आली, मधमाशीसारखी कामसू आई आली. गौतमीचा नंबर आला तेव्हा ती वहीत बघून हळू वाचू लागली : "अवर लँड इज सिटिंग इन द हाउस लाइक अ गर्ल हूज मॅरेज इज फिक्स्ड. नोबडी शाउट्स अॅट हर."

आमची जमीन घरात लग्न ठरलेल्या मुलीसारखी बसली आहे. तिच्यावर आता कोणी ओरडत नाही.

मावळात मुलीची सुपारी फुटली, म्हणजे लग्न पक्कं झालं, की घरचं वागणं बदलतं. तिला जड काम सांगत नाहीत. तिच्या हातून दूध उतू गेलं तरी आई गप्प राहते. चार महिन्यांची पाहुणी, तिला कशाला बोलायचं. हे वर्गातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं. सरांच्या गावाकडेही याहून वेगळं नाही.

सर म्हणाले, "जमीन बसते का गं?"

गौतमीनं मान डोलावली.

"बसते म्हणते ही! मग उभी का ठेवली? गौतमी, जमिनीला खुर्ची दे!"

वर्गात हशा फुटला. कुणीतरी मागून खरंच खुर्ची ओढल्याचा आवाज काढला. सरांनी वही घेऊन 'सिटिंग' या शब्दाभोवती लाल गोल केला आणि खाली लिहिलं, जमीन बसू शकत नाही; सिंहाचं उदाहरण पाच वेळा लिहून आणणे. तिनं आणलं, सुवाच्य अक्षरात. पोरं मार्च संपेपर्यंत तिला 'खुर्ची' म्हणायची. "ए खुर्ची, सरक की!"

दहावीला गौतमीला इंग्रजीत एक्क्याण्णव पडले. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला, त्यात सरांच्या फोटोशेजारी तिचा फोटो. तोवर खाचरांभोवती पत्र्याचं कुंपण उभं राहिलं होतं.

सरांचं लग्न झालं. बायकोची नोकरी कोथरूडच्या बाजूला, म्हणून ते भुकूमला राहायला गेले. चांद्याची खोली सुटली, तक्ता भिंतीवर राहिला, निकाल लागत राहिले. ही गोष्ट इथं संपली असती, तर सर एक चांगले शिक्षक म्हणून निवृत्त झाले असते.

सहा वर्षांनी पौडला तालुक्यातल्या इंग्रजी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. पुण्याहून ज्ञानदा मॅडम नावाच्या तज्ज्ञ आल्या होत्या. दुपारी जेवणानंतर त्यांनी प्रत्येकाला कोरा कागद दिला. "एक सिमिली लिहा. पुस्तकातली नको. तुमच्या जगण्यातली. पाच मिनिटं."

सरांनी पेन उघडलं. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. "सिंह आला," ते म्हणाले. "सिंहाला बाजूला सारलं तर बर्फ. बर्फ सारला तर मधमाशी. त्यामागं काहीच नाही हो. गिरणीच्या पट्ट्याचं, पिठाचं अख्खं वर्ष माझ्याजवळ होतं. पण मी हात घातला की सिंहच हाताला लागायचा. शेजारचे सगळे लिहीत होते. मी पुन्हा नापास होत होतो."

मग चौथ्या मिनिटाला ते वाक्य आलं. लाल गोलासकट आलं. त्यांनी ते लिहिलं.

वाचून दाखवल्यावर हॉलमध्ये टाळ्या. मुळशीतल्या शिक्षकांपैकी निम्म्यांच्या घरची जमीन गेलेली. एक वयस्क बाई डोळे पुसत होत्या.

ज्ञानदा मॅडम जवळ आल्या. "सर, हे तुमचं?"

"हो," सर म्हणाले.

त्या 'हो'च्या आधी आपण काही विचार केला होता का, हे त्यांनी पुढं स्वतःला इतक्यांदा विचारलं की खरं काय ते त्यांनाही सांगता येईना.

वर्षभरात तालुक्यापुरती एक छोटी पुस्तिका निघाली, नववीच्या मुलांसाठी. शिक्षकांनी केलेली उदाहरणं, प्रत्येकाखाली नाव. सातव्या पानावर सिमिली, आणि तिथं पहिलंच हे वाक्य, खाली नाव दयानंद केंद्रे. मुलं ते पाठ करू लागली. सर सातवं पान आलं की म्हणायचे, "हे घरी वाचा," आणि आठवं उघडायचे.

चार-पाच वर्षं ते असं पान उलटत राहिले. मग गेल्या जूनमध्ये ज्ञानदा मॅडमचा फोन आला. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघत होती. नावांत, मजकुरात काही दुरुस्ती असली तर आठ दिवसांत कळवा. नाव बदलायचं असेल तर ज्याचं आहे त्याचा संमतीचा एक ओळीचा कागद हवा.

त्या दिवशी सरांनी मला सगळं सांगितलं. तोवर मी निवृत्त झालो होतो. ते मुद्दाम घरी आले. चहा तसाच ठेवून म्हणाले, "आठ दिवस आहेत. तिचं तिला देऊन टाकतो. ती तोंडावर बोलली तरी चालेल. बोललीच पाहिजे."

रविवारी सकाळी ते लवळ्याच्या रस्त्यानं चांद्याला गेले.

कोंडाजी वारले होते. जुनं घर पाडून तीन मजली इमारत झाली होती. वरच्या दोन मजल्यांवर हिंजवडीत कामाला जाणारी मुलं भाड्यानं राहत. जिन्यात शूज, गॅलरीत वाळत घातलेल्या टी-शर्टांची रांग. तळमजल्यावर ओट्यावर गोजराबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. दुकानातले तांदूळ.

"कोन? मास्तर न्हाई का ह्यो?" त्यांनी हात कपाळाला लावून पाहिलं. "लई जाड झालात की वो. बायकू भाकरी बरी करती वाटतं."

"तुमच्यासारखी नाही, आजी."

"लबाड बोलाय शिकला तुमी पुन्यात ऱ्हाऊन."

"भुकूमला राहतो, आजी. पुण्यात नाही."

"त्येच त्ये."

हैबतराव बाहेर आले. सरांचा हात धरून आत नेलं, कोचावर बसवलं. "सर, तुमचं नाव छापून आलंय म्हनं पुस्तकात. शेजारच्या पोरीनं आनून दावलं मला. म्या म्हटलं, आमच्याच माडीवर ऱ्हायाचे हे. आता इंग्रजीत हाय, आपल्याला काय कळतंय. पर नाव वाचलं. अभिमान वाटला बगा."

सरांच्या पिशवीत तीच पुस्तिका होती. त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

गौतमी आतून आली. सव्वीस-सत्तावीसची. हिंजवडीत एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींना ईमेलनं उत्तरं द्यायचं काम करते. ठरलेली वाक्यं असतात, त्यातलं योग्य ते निवडायचं. "माझं इंग्लिश तुमच्यामुळं आहे, सर," ती म्हणाली. "माझ्या टीममध्ये सगळ्यात कमी चुका माझ्या."

सर म्हणाले, "गच्चीवर जाऊ या का? जरा बोलायचं होतं."

गच्चीवरून खाचरांची जागा दिसत होती. तिथं आता चौदा मजले होते आणि बाजूला निळ्या पाण्याचा छोटा पोहण्याचा हौद. ओढा पाइपात गेला होता. सरांनी पुस्तिका काढली, सातवं पान उघडून तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणि हसली.

"खुर्चीवालं!"

"हो."

"अजून आठवतंय तुम्हाला?"

"गौतमी, खाली नाव बघ."

तिनं नाव बघितलं. हसू राहिलं, पण कमी झालं. सर एका दमात बोलले. पौडचा कोरा कागद, टाळ्या, मॅडमचा प्रश्न, आपलं उत्तर, सगळं. "तुझं होतं. मी आधी ते चूक ठरवलं आणि मग चोरलं. हा कागद आणलाय. एक ओळ लिही, सही कर. नव्या पुस्तकात तुझं नाव येईल. नंतर मला काय बोलायचं ते बोल."

ती कठड्याला टेकून खाली बघत होती. हौदात कोणी नव्हतं.

"नको, सर."

"का?"

"ते माझं नव्हतंच. आजीचं होतं. चुलीपाशी बसून म्हणाली होती. 'सुपारी फुटलेल्या पोरीवानी बसलीया घरात, कोन वराडत बी न्हाई तिच्यावर.' आजोबा जेवत होते. ताटावरून उठले. आमच्याकडं ताटावरून कोणी उठत नाही, सर. त्यानंतर घरात जमिनीचं नाव कोणी काढलं नाही. आजीनं तर आजतागायत नाही."

"मग आजींचं नाव घालू."

"आणि पप्पा?" ती एकदम म्हणाली. "विकायचं पप्पांनी लावून धरलं होतं. आजोबांनी सही केली ती त्यांच्यासाठी. आता तुमचं नाव आहे तर पुस्तक मिरवतात. माझं किंवा आजीचं नाव आलं की म्हणतील, वाच गं, मराठीत सांग काय लिहिलंय. काय सांगू?"

सरांच्या हातात कागद तसाच होता. वाऱ्यानं फडफडत होता.

"तुमच्याच नावावर राहू द्या. तुमची कुठं इथं जमीन आहे? कोणाला काही लागत नाही त्यातून."

मग ती जे बोलली त्यासाठी सर तयार नव्हते.

"आणि चूक ठरवलं असं नका म्हणू. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही वर राहायचात. खालचं सगळं ऐकू जायचं तुम्हाला. आजी काय म्हणाली, आजोबा कसे उठले, तुम्ही ऐकलं असणार. घरातलं वर्गात नको म्हणून तुम्ही ते खोडलं. कोणी पुढं विचारू नये म्हणून खुर्चीचं काढलं, सगळ्यांना हसवलं. पोरं चिडवायची तेव्हा राग यायचा. पण मी मनात म्हणायचे, सरांनी आपल्या घरचं झाकलं." ती त्यांच्याकडं बघत होती. "बरोबर ना, सर?"

खालून हैबतरावांनी चहाला हाक मारली. जिन्यात कुणीतरी शिट्टी वाजवत उतरत होतं.

"हो," सर म्हणाले.

चहा पिऊन ते निघाले. ओट्यावर गोजराबाईंनी विचारलं, "काय काम काढलं व्हतं?"

"काही नाही, आजी. सहज."

"सहज कोन येतंय हल्ली," गोजराबाई म्हणाल्या आणि सुपातला खडा शोधू लागल्या.

परतताना सर पुन्हा माझ्याकडं आले. मी विचारलं, का 'हो' म्हणालात? त्यांनी बरंच काही सांगून पाहिलं. "माझं एवढंच चांगलं तिच्याजवळ होतं, तेही काढून घेऊ का?" मग थांबून म्हणाले, "असं मी वाटेत स्वतःला सांगितलं. तिच्यासाठी म्हटलं, असं. पण पौडला पण हाच शब्द निघाला होता, एवढाच सहज. तो कोणासाठी होता?"

 त्यांच्यासमोर बसून मला माझे वर्ग आठवत होते, पण ते असो.

आठ दिवस गेले. नवी आवृत्ती निघाली. सातवं पान जसंच्या तसं.

सरांनी तक्ता उतरवला नाही. निकाल लागला पाहिजे, मुलं पास होऊन घरी गेली पाहिजेत. एक मात्र नवीन झालं. ते आता प्रत्येक वर्गाला घरून सिमिली आणायला सांगतात, वह्या गोळा करतात आणि तपासत नाहीत. पेन घेऊन बसतात, उघडतात, मिटतात. कपाटात वर्षभराच्या वह्या साठल्यात. मुख्याध्यापक अण्णासाहेब ओरडतात, "केंद्रे, पालक विचारतात, वह्या कुठं आहेत? काय करताय तुम्ही त्यांचं?" सर म्हणतात, "वाचतोय."

आणि सातवं पान आता ते उलटत नाहीत. परवा म्हणे त्यांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं, पहिल्यांदाच. मुलं उतरवून घेत होती. चांद्याचीच एक मुलगी उभी राहिली.

"सर, तुमची जमीन होती?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

सरांनी तक्त्याकडं पाहिलं. "मी माडीवर राहायचो," ते म्हणाले, "आणि मला कळलं नव्हतं."

मुलीला वाटलं हेही लिहून घ्यायचं आहे. तिनं लिहून घेतलं.